वाहनखर्च : अंदाज नको, प्रमाण हवे

आयुर्वेदाचार्य पदवी, आंतरवासिता, त्यानंतर एखाद्या रुग्णालयात तीन-चार वर्षे निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी आणि मग स्वतःचा दवाखाना, हा आपल्या बहुसंख्य नवोदित वैद्यांचा परिचित मार्ग आहे. नोकरीत असेपर्यंत प्राप्तिकर वेतनातून परस्पर कापला जातो, वर्षाअखेर फॉर्म १६ हाती येतो आणि विषय तेथेच संपतो. दवाखान्याची पाटी लागली की चित्र पालटते. जमा-खर्च स्वतः मांडावा लागतो, आणि औषधांची कपाटे व अभ्यंगाचे टेबल यांच्या खालोखाल पहिली मोठी खरेदी होते ती बहुधा वाहनाची. वृद्ध रुग्णांच्या घरी जाणे, आठवड्यातून एकदा शेजारच्या गावी रुग्ण तपासणे, पंचकर्मासाठीचे साहित्य घाऊक बाजारातून आणणे, ही सारी कामे वाहनावाचून होत नाहीत. मग प्रश्न उभा राहतो : या वाहनाचा किती खर्च व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा करता येईल?

या प्रश्नावर नवोदितांना साधारणतः दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "सगळाच टाकून द्या, कोण विचारतो?" दुसरा म्हणतो, "कशाला ती भानगड, काहीच दाखवू नका." आमच्या मते हे दोन्ही सल्ले अपथ्यच होत. पहिल्यात अतियोग आहे, दुसऱ्यात अयोग. आणि सम्यक् योगाचा विचार दोहोंतही नाही.

कायद्याची भूमिका मुळात अवघड नाही. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमातील कलम ३७ नुसार जो खर्च संपूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झाला असेल, भांडवली नसेल आणि वैयक्तिकही नसेल, तोच वजावटीस पात्र ठरतो. एकच वाहन सकाळी रुग्णासाठी आणि संध्याकाळी कुटुंबासाठी वापरले जात असेल, तर कलम ३८ सांगते की त्याची दुरुस्ती, विमा आणि घसारा यांचा व्यवसायास लागू पडेल तेवढाच योग्य हिस्सा मिळेल. संसदेने २०२५ मध्ये नवा प्राप्तिकर अधिनियम संमत केला आणि त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासून ठरविली. त्यात कलमांचे क्रमांक बदलले. हे तत्त्व मात्र बदललेले नाही. नोकरदार वैद्याला स्वतःच्या गाडीचा असा खर्च वेतनातून वजा करता येत नाही. स्वतंत्र व्यावसायिकाला येतो. म्हणूनच हा विषय नवोदितांना नवा वाटतो.

खर्चाचे घटकही नीट वेगळे करावयास हवेत. इंधन, देखभाल, विमा आणि चालक असल्यास त्याचे वेतन हा चालू खर्च. कर्जाच्या हप्त्यातील व्याज हा खर्च. मुद्दल हा खर्च नव्हे. संपूर्ण हप्ता खर्चात दाखविणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. वाहनाची किंमत एकरकमी वजा होत नाही. ती घसाऱ्याच्या रूपाने, मोटारीसाठी शिल्लक मूल्यावर दरसाल १५ टक्के या दराने, वर्षानुवर्षे वजा होत जाते. खरेदीच्या वर्षी वाहन १८० दिवसांहून कमी वापरले गेले असेल तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. म्हणजे ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर, दिवाळीच्या मुहूर्तावर घेतलेल्या गाडीला पहिल्या वर्षी साडेसात टक्केच. घसाऱ्यासाठी मालकी पाहिली जाते. वाहन वडिलांच्या नावावर असेल तर घसाऱ्याचा आग्रह धरू नये, मात्र रुग्णसेवेसाठी स्वतः भरलेल्या इंधनाचा खर्च तेवढ्याने अपात्र ठरत नाही. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिल्यास तो खर्च नाकारला जातो, हेही ध्यानी ठेवावे. केवळ चिकित्सासेवा देणाऱ्या वैद्याची सेवा वस्तू व सेवा करातून मुक्त असल्याने गाडीवर भरलेल्या त्या कराची परतफेड मिळत नाही. तो कर किमतीतच मिळवावा.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी नव्याने व्यवसाय करणाऱ्या एका वैद्याने १५ जुलै रोजी ८,००,००० रुपयांची मोटार घेतली, असे समजू. ३१ मार्चपर्यंत ती १२,००० किलोमीटर धावली. त्यांतील ७,२०० किलोमीटर रुग्णसेवेसाठी, म्हणजे ६० टक्के. इंधन ७८,०००, विमा २५,०००, देखभाल ७,०००, कर्जावरील व्याज ४०,००० आणि घसारा १,२०,००० अशी बेरीज २,७०,००० रुपये होते. तिच्या ६० टक्के म्हणजे १,६२,००० रुपये हा त्याचा न्याय्य दावा.

परंतु हा दावा प्रत्येकाने करावाच, असे नाही. २०१६ च्या वित्त अधिनियमाने आलेल्या कलम ४४एडीए मध्ये व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची सोय झाली. वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत (रोखीची जमा ५ टक्क्यांहून अधिक नसेल तर ७५ लाखांपर्यंत) असेल, तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविता येते. उरलेल्या निम्म्यात सगळे खर्च आले असे कायदा मानतो. गाडीचा खर्च व घसाराही त्यातच. या पद्धतीने विवरण भरून वर पुन्हा वाहनखर्च मागता येत नाही. आपल्या उदाहरणातील वैद्याची जमा ९,००,००० रुपये आणि भाडे, मदतनीस, वीज, साहित्य आदी इतर खर्च २,७६,००० रुपये आहे, असे धरू. वाहनासह खर्च होतो ४,३८,००० रुपये. अनुमानित पद्धतीत मात्र ४,५०,००० रुपये सुटतात. म्हणजे एवढा खटाटोप करूनही त्याला साधी पद्धतच सोयीची. उलट पंचकर्म केंद्राचे मोठे भाडे आणि परिचारकांचे वेतन देणाऱ्याचा खरा खर्च निम्म्याहून बराच अधिक असू शकतो. त्याने हिशेबाच्या वह्या ठेवून प्रत्यक्ष खर्च दाखवावा. मात्र निम्म्याहून कमी उत्पन्न दाखविले आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेले, तर लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, त्याचे शुल्कही हिशेबात धरावे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत निवासी व्यक्तीला १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही. नवोदित वैद्यांपैकी अनेकांचे उत्पन्न या मर्यादेच्या आतच असते. मग खर्च फुगवून ते मिळवितात काय? कराचा एक रुपयाही वाचत नाही. कागदावरचे उत्पन्न मात्र घटते. तीन वर्षांनी दवाखाना वाढविण्यासाठी किंवा घरासाठी कर्ज मागावयास गेले की बँक हीच विवरणपत्रे पुढे ठेवते. तेथे फुगविलेला वाहनखर्च आपल्याच मुळावर येतो. आणि ज्यांचे उत्पन्न मर्यादेपलीकडे आहे त्यांच्यासाठी धोका निराळा आहे. १९६१ च्या अधिनियमातील कलम २७०ए मध्ये उत्पन्नाच्या चुकीच्या निवेदनाचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत पुराव्याविना केलेला खर्चाचा दावा हा एक आहे, आणि त्यासाठी दंड बुडविलेल्या कराच्या २०० टक्के आहे. "कोण विचारतो?" असे म्हणणारा सल्लागार हा दंड भरावयास येत नाही.

सारांश, सगळे येऊन थांबते ते पुराव्यापाशी. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली. ती शिकून आलेल्या आपण "अंदाजे साठ टक्के" म्हणून मोकळे व्हावे, हे शोभणारे नाही. गाडीत एक साधी वही ठेवावी. तारीख, निघतानाचे व परतल्यावरचे किलोमीटर, ठिकाण, कारण आणि रुग्णनोंदवहीतील अनुक्रमांक, एवढे रकाने पुरेत. रुग्णाचे नाव वा व्याधी त्यात लिहू नये. वही उद्या परक्या हाती जाऊ शकते आणि रुग्णाचे गुपित राखणे हा आपला धर्म आहे. घर ते दवाखाना हा रोजचा प्रवास वेगळा लिहावा आणि रुग्णसेवेत धरू नये, असे आमचे मत आहे; संशयास्पद दाव्याने खरा दावाही डागाळतो.

१९६२ च्या प्राप्तिकर नियमांतील नमुना ३सी, म्हणजे दैनंदिन रुग्णनोंदवही, सर्व चिकित्सापद्धतींसाठी आखलेली असून तिच्या शीर्षकात वैद्य व हकीम यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सेवेचे स्वरूप लिहिण्याच्या रकान्यात रुग्णाच्या घरी दिलेल्या भेटीचाही समावेश आहे. अर्थात रुग्णनोंदवहीतील भेट आणि गाडीच्या वहीतील फेरी यांचा मेळ बसला की दावा स्वतःच्या पायांवर उभा राहतो. अनुमानित पद्धत स्वीकारणाऱ्यानेही निदान पहिले वर्षभर ही वही ठेवावी. आपला खरा खर्च निम्म्याच्या आत आहे की बाहेर, हे कळल्यावाचून पद्धत निवडणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

रुग्णांच्या गर्दीत या नोंदी ठेवावयास वेळ कोठून आणावा, असे काही सहकारी म्हणतील. आक्षेप अगदीच निराधार नाही. अमेरिकेत स्वतंत्र व्यावसायिकाला ठरावीक दराने दर मैलामागे वाहनखर्च मागता येतो. बिले जपण्याचा बराचसा व्याप त्यामुळे टळतो. आपल्याकडे व्यावसायिकांसाठी असा ऐच्छिक प्रतिकिलोमीटर दर असावा, अशी मागणी वैद्यांच्या संघटनांनी इतर व्यावसायिकांसह अर्थमंत्रालयाकडे करावी, असे आम्ही सुचवितो. पण लक्षात घ्यावे, तो दर आला तरी किलोमीटरांची नोंद चुकणार नाही. तेव्हा वही आजपासूनच सुरू करावी.

आपल्या शाखांकडून आमची अपेक्षा लहानशी आहे. दरवर्षी मार्च महिन्यात एक संध्याकाळ नवोदित वैद्यांसाठी राखून ठेवावी, एखाद्या जाणत्या करसल्लागारास पाचारण करावे आणि वहीचा छापील नमुना प्रत्येकाच्या हाती द्यावा. ज्येष्ठांनी आपल्या जुन्या वह्या सोबत आणाव्यात. त्या पाहून नवोदितांना जे कळेल ते व्याख्यानाने कळणार नाही. औषधाची मात्रा रतीभर चुकू नये म्हणून आपण जी दक्षता घेतो, तिचा थोडा अंश आपल्या जमा-खर्चाच्याही वाट्यास यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.