जखमेचा फोटो आणि जखमी माणूस

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकीय छायाचित्रणावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण त्या फोटोतला माणूस बहुधा आपल्याच घरचा असतो. म्हणून हा विषय एकट्या डॉक्टरांवर सोपवून चालणार नाही.

अशा फोटोंची गरज मी नाकारत नाही. आपल्याकडे डॉक्टर आणि कॅमेरा यांची मैत्री जुनी आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे १८५० नंतरच्या दशकात मुंबईत छायाचित्रकार म्हणून नावाजले होते. रोग्याचा चांगला फोटो म्हणजे खरा फोटो. मागे साधे एकरंगी कापड हवे, जखमेशेजारी मोजपट्टी हवी. आधी संपूर्ण अवयव टिपावा, मग जवळून जखम. उपचारापूर्वी आणि नंतर अंतर, कोन व उजेड तोच ठेवावा. नाहीतर नुसती सावली बदलली तरी जखम भरल्यासारखी दिसते.

हे सारे शिकवता येते. परंतु विचारण्याचे काय? एका दवाखान्यात माझ्या आत्याच्या पायाचे फोटो मोबाईलवर काढले गेले. "पाय इकडं करा" यापलीकडे कुणी काही बोलले नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, "ते फोटो कुठं लावतेत रे?" मी काय सांगणार?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत रोग्याची ओळख पटेल असा फोटो परवानगीवाचून छापण्यास मनाई केली आहे. ओळख पटणार नसेल तर परवानगीची गरज नाही, असेही त्यात म्हटले आहे. इथे माझा मतभेद आहे. डोळ्यांवर काळी पट्टी ओढल्याने ओळख लपत नाही. खेड्यात तर हातावरच्या गोंदणावरूनही बाई ओळखतात. आणि कुणी ओळखले नाही, तरी शरीर तिचेच ना?

गर्दीत वेळ कुठे असतो, असे कुणी म्हणेल. फोटो कशासाठी, तो कोण पाहणार, आणि नको म्हटले तरी उपचार थांबणार नाहीत, एवढे सांगायला अर्धे मिनिट पुरते. बेशुद्ध रोग्याला शुद्धीवर आल्यावर विचारावे.

१९५६ साली सुरू झालेल्या आपल्या 'घाटी'त साऱ्या मराठवाड्यातून रोगी येतात. तिथे शिकणारे उद्याचे डॉक्टर आमच्याच वयाचे आहेत. त्यांना माझी एवढीच विनंती आहे : अंगठा उठवणाऱ्या माणसालाही हो किंवा नाही म्हणता येते. त्याला विचारले मात्र पाहिजे.