घर उन्हाळ्याचे, घर हिवाळ्याचे

मुंबईत घर पाहणे म्हणजे चौरस फुटाचा भाव विचारणे, अशी बाहेरगावच्या व्यापाऱ्याची समजूत असते. सोलापूरच्या एका कापडव्यापारी कुटुंबाचीही तीच होती. दोन पिढ्या मुळजी जेठा मार्केटातून माल उचलल्यावर मुलाने तेथेच आडतीची गादी घेतली, आणि गावातील जुनी वखार विकून मुंबईत बिऱ्हाड करावे असे घरात ठरले. वखार एकच, ती एकदाच विकली जाणार. म्हणून ऐन मे महिन्यात सासू-सासरे, मुलगा आणि सून असे चौघे सी. पी. टँकच्या हिराबाग धर्मशाळेत उतरले आणि सहा दिवस शहर पायी व लोकलने पाहत राहिले.

आरंभ अर्थातच काळबादेवी-भुलेश्वरपासून झाला. मार्केट चार पावलांवर, जिनमंदिर जवळ, सकाळी दर्शन घेऊन गादीवर बसावे अशी सोय. सासऱ्यांचे मन तेथेच रमले. पण दलालाने दाखवलेली खोली पागडीची होती. तिसरा मजला, लाकडी जिना, उद्वाहक नाही. पागडी घेणे-देणे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मान्य केले आहे, हे खरे. तरी हाती येते ती भाडेपावती, मालकी नव्हे. खोली पुढे दुसऱ्याला द्यावयाची तर घरमालकाची संमती आणि त्याचा हिस्सा, दोन्ही आले. बँका अशा खोलीवर कर्ज देण्यास सहसा राजी नसतात. शिवाय इमारत १९६९ पूर्वीची, उपकरप्राप्त. ती पडून नवी कधी उभी राहील याचे उत्तर दलालाकडे तयार होते, कागद मात्र नव्हता. वखारीचे सारे मोल एका पावतीत गुंतवण्यास मुलगा तयार होईना. सासरे त्या दिवशी जेवताना फारसे बोलले नाहीत.

मग बोरिवली. चर्चगेटपासून ३४ किलोमीटर, पण त्याच पैशात दोन खोल्या अधिक, खाली मोकळे अंगण, नवी इमारत. दलाल म्हणाला, पोदनपूरच्या त्रिमूर्तींचे दर्शन दहा मिनिटांत. हे दहा मिनिटांचे गणित मुंबईत फार जपून ऐकावे लागते. त्रिमूर्ती मंदिर रेल्वेच्या पूर्वेस, राष्ट्रीय उद्यानात, घर पश्चिमेस. मध्ये स्थानकाचा पूल. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रूळापलीकडचे मंदिर परगावच असते. तरीही घर सर्वांना आवडले. क्षेत्रफळाचा घोळ सुनेने तेथल्या तेथे मिटवला. दलाल मोठा आकडा सांगत होता. तिने महारेराच्या नोंदीतील चटई क्षेत्र पाहिले आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत, हे त्याला सांगितले. मुद्रांक शुल्काचा हिशेबही तिनेच मांडला: मुंबईत सहा टक्के, घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास एक टक्का सवलत, पतीचे नाव सोबत घातले की सवलत नाही. सुनेच्या नावे की सासूच्या, हा प्रश्न मात्र सर्वांनी चहाबरोबर गिळून टाकला.

पाचव्या दिवशी मुलाने प्रत्यक्ष परीक्षा घेण्याचे ठरवले. पाच वाजता गादी सोडून चौघे मरीन लाइन्सला चालत गेले, गर्दीत कसेबसे चढले, आणि साडेसहाला त्या इमारतीच्या फाटकाशी पोहोचले. सूर्यास्त सातनंतर होता. या घरात रात्रिभोजनत्याग तीन पिढ्यांचा आहे. मुलाने महाविद्यालयात असतानाही तो मोडलेला नाही. अर्धा तास हाताशी पाहून त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागले.

सासूबाईंनी पिशवीतून पंचांग काढले. मार्गशीर्षाचे पान उघडून त्या बराच वेळ पाहत होत्या.

“अरे, हे घर उन्हाळ्याचं आहे,” त्या म्हणाल्या. “मार्गशीर्षात सहाला अंधारतं. तेव्हा तू चारच्या आत गादी सोडणार का?”

कोणाजवळ उत्तर नव्हते. मुंबईत नोव्हेंबरअखेरचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या आरंभी सव्वासातनंतर; सव्वा तासाचा हा फरक कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. मुलगा म्हणाला, “आई, मी डबा गादीवर मागवीन. मार्केटातले कितीतरी जण पाचला तिथंच जेवतात.” ते खरेच आहे, आणि कित्येकांचा नेम त्या डब्यावरच टिकून आहे. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “तू जेवशील रे. पण मग आम्ही सोलापूर कशाला सोडायचं?”

परतीच्या गाडीत कोणी फार बोलले नाही.

शेवटच्या दिवशी घाटकोपर झाले. तेथील वस्ती सर्वांत दाट, भाव बोरिवलीहून चढे, आणि परवडणारे घर एका जुन्या सहकारी गृहसंस्थेतील दोन खोल्यांचे. भोगवटा प्रमाणपत्र होते, पण संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण अद्याप झालेले नव्हते. मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज पडून होता. म्हणजे पुनर्विकासाची आशा दाखवून मागितलेला भाव हवेतला होता, आणि सासऱ्यांनी ते दलालाला स्पष्ट सांगितले. मात्र मंदिर रूळाच्या त्याच बाजूला होते. सासूबाई एकट्या, न थांबता, तेथवर चालून आल्या. मशीद स्थानकापासून धिमी गाडी धरून घरी येण्यास एकूण तासभर लागला. मार्गशीर्षात पावणेपाचला निघावे लागेल, असा हिशेब निघाला. मुलाने मुनीमजींशी फोनवर बोलून घेतले. चार महिने संध्याकाळचे गिऱ्हाईक ते सांभाळतील.

वखारीचा सौदा सासऱ्यांनी परत जाताच थांबवला. घाटकोपरलाच, त्याच गल्लीत, ११ महिन्यांच्या भाडेकरारावर एक घर घेतले, करार नोंदवला. चातुर्मासाच्या आधी सामान हलले. वखारीच्या ग्राहकाला निरोप गेला आहे: पौष संपेपर्यंत थांबावे.