खिडकीजवळची जागा

गणेशोत्सवात गोरेगावची कितीतरी मुले एस.टी.ने कोकणात जातात. वाट लांबची, म्हणून बरीचशी मोबाईलमध्ये डोके घालून बसतात. महाडची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी, संगमेश्वरची शास्त्री या भाद्रपदातल्या भरल्या नद्या केव्हा मागे पडल्या, हेही त्यांना कळत नाही. मला हे नुकसान मोठे वाटते. मोकळे सोडलेले मन आपोआप विचार करू लागते. फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांना एका अवघड प्रश्नाची उकल सहलीला निघताना, गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताच सुचली. अर्थात, त्याआधी त्यांनी पुष्कळ परिश्रम केले होते. चालकाने मात्र चित्त ढळू देता कामा नये. तो सावध असतो, म्हणूनच आपल्याला ही मोकळीक मिळते. तेव्हा मुलांनो, पुढच्या प्रवासात निदान एक नदी पार होईपर्यंत तरी खिडकीबाहेर पाहा.