यंत्र चालू, दुकान बंद

मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स ३६०’ या गेम कन्सोलचे ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद केले. त्याआधी निन्टेंडोने ‘थ्रीडीएस’ आणि ‘वी यू’ या यंत्रांसाठीची ऑनलाइन विक्री मार्च २०२३ मध्ये थांबविली आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांवर इंटरनेटद्वारे एकत्र खेळण्याची सेवाही गुंडाळली. सोनीनेही २०२१ मध्ये ‘प्लेस्टेशन ३’ आणि ‘व्हिटा’ यांची दुकाने बंद करण्याचे जाहीर केले होते. पण ग्राहकांचा रोष पाहून महिनाभराच्या आतच तो निर्णय तिला मागे घ्यावा लागला. या घडामोडी वरवर पाहता करमणुकीच्या क्षेत्रातील आहेत. मात्र पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूचे आयुष्य नेमके कोण ठरवते, हा मूलभूत प्रश्न त्यांनी पुढे आणला आहे.

गेम कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडण्याचा एक लहानसा संगणकच. इतर यंत्रांप्रमाणे तोही झिजतो. सोनीचा ‘प्लेस्टेशन २’ मार्च २००० मध्ये जपानच्या बाजारात आला आणि जवळजवळ तेरा वर्षे त्याचे उत्पादन चालू राहिले. जगभरात १५ कोटींहून अधिक संच खपलेल्या या यंत्रात आज बहुधा आधी थकते ती डिस्क वाचणारी लेझर लेन्स. धुळीने पंखा कोंडतो, प्रोसेसरवरील उष्णतावाहक पेस्ट वाळते. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या ‘एक्सबॉक्स’च्या बहुतेक आवृत्त्यांत घड्याळासाठी बसविलेला कपॅसिटर कालांतराने गळू लागतो आणि त्यातील द्रव मदरबोर्डवरील तांब्याच्या रेषा कुरतडतो. तो वेळीच काढून टाकला, तर घड्याळाची वेळ पुन्हा पुन्हा लावावी लागते. पण यंत्र वाचते. अनेक जुन्या कार्ट्रिजमध्ये खेळाची नोंद जपणारा बटन सेल संपला, की ती नोंद पुसली जाते. नव्या टीव्हीला जुन्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागाच नसेल, तर मध्ये एक कन्व्हर्टर लावावा लागतो.

यांतील कोणताही दोष असाध्य नाही. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांत सोल्डरिंगची कला अंगी असलेल्या कारागिरांना ही कामे नवी नाहीत. शिवाय दुरुस्त झालेला जुना कन्सोल केवळ शोभेची वस्तू ठरत नाही. ‘प्लेस्टेशन २’ डीव्हीडी लावण्याच्याही उपयोगी पडतो. त्यावरचे खेळ इंटरनेटवाचून चालतात आणि खेळता खेळता मुलांकडून आणखी पैसे उकळत नाहीत. घरात लहान मुले असणाऱ्यांना हा गुण किती मोलाचा, हे निराळे सांगायला नको.

खरी अडचण निराळीच आहे. नंतरच्या पिढीतील यंत्रे झिजेपेक्षा कुलपांमुळे अधिक लवकर निकामी होऊ शकतात. ‘प्लेस्टेशन ४’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यातील घड्याळाचा बटन सेल संपला आणि त्याच वेळी सोनीच्या सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही, तर विकत घेतलेल्या डिस्कवरचे खेळही सुरू होत नाहीत, हे जाणकारांनी दाखवून दिले. सप्टेंबर २०२१ मधील सॉफ्टवेअर सुधारणेत, फारसा गाजावाजा न करता, हा दोष दूर झाला. ती सुधारणा आली नसती आणि पुढे कधी सर्व्हर बंद झाले असते, तर काही रुपयांच्या सेलपायी हजारो रुपयांचे यंत्र भंगारात गेले असते. ‘एक्सबॉक्स ३६०’ आणि ‘प्लेस्टेशन ३’ यांतील डिस्क ड्राइव्ह तर गुप्त संकेताने त्या-त्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. दुसऱ्या यंत्रातील ड्राइव्ह आणून सरळ बसविता येत नाही.

कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. ही कुलपे चोरीच्या प्रतींना आळा घालण्यासाठी आहेत, असे त्या सांगतात. आणि भारतात चिप बसविलेली यंत्रे व नकली डिस्क यांचा जो सुळसुळाट झाला होता, तो पाहता ही भीती निराधार म्हणता येणार नाही. अमेरिकेतील मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२३ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले, तेव्हा त्यांतून गेम कन्सोल वगळण्यात आले. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मात्र २०२१ मध्ये निदान बिघडलेला डिस्क ड्राइव्ह बदलण्यापुरते कुलूप उघडण्यास मुभा दिली. चोरी रोखणे आणि दुरुस्ती होऊ देणे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्यातून स्पष्ट होते. ज्या खेळांची विक्री कंपनीनेच थांबविली, त्यांच्या बाबतीत तर तोट्याचा युक्तिवाद बराच लंगडा पडतो.

प्रश्न केवळ यंत्राचा नाही. २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात मिळत नाहीत, असे ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये दाखवून दिले. भारताचाही यात वाटा आहे. हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजने तयार केलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ २००९ मध्ये ‘प्लेस्टेशन २’साठी आला. कबड्डी, विटीदांडू असे देशी खेळ पडद्यावर आणणारा ‘देसी अड्डा’ही त्याच काळातला. त्यांचा दर्जा कसाही असो. भारतीय गेम-उद्योगाच्या आरंभाची ही कागदपत्रेच आहेत आणि ती उघडण्याची किल्ली म्हणजे चालू स्थितीतील जुना कन्सोल.

आपल्याकडील व्यवस्था यासाठी अपुरी आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आणि त्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा समावेश केला. पण पोर्टल ही माहितीची सोय आहे, कायद्याचे बंधन नव्हे. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणक प्रोग्रॅमची प्रत सुरक्षिततेसाठी करून ठेवू देते, तर २०१२ मध्ये आलेले कलम ६५ अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे हा गुन्हा ठरविते. प्रामाणिक दुरुस्ती करणाऱ्याला या दोहोंमधून वाट काढावी लागते. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत व्हिडिओ गेमची यंत्रेही येतात. पण यंत्र कचरा झाल्यावर त्याचे काय करायचे, याचा विचार करण्यापेक्षा ते कचरा होऊ न देणे अधिक शहाणपणाचे.

कंपनीने सर्व्हर कायम चालवावेत, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु सेवा बंद करताना यंत्र सर्व्हरविना चालेल अशी शेवटची सुधारणा देणे, सुट्या भागांची कुलपे उघडण्याची सोय करणे आणि घेतलेले खेळ उतरवून ठेवण्यास पुरेसा अवधी देणे, एवढे बंधन घालणे अवाजवी नाही. ‘प्लेस्टेशन ४’च्या प्रकरणाने ते अशक्य नसल्याचेही दाखवून दिले आहे. आज हा प्रश्न खेळाच्या यंत्रापुरता वाटतो. सर्व्हरवर विसंबणारे दूरचित्रवाणी संच, कॅमेरे आणि मोटारी घरोघर येत असताना तो तेवढ्यापुरता राहणार नाही.