क्षमा म्हणजे खोटं बिल भरणं नव्हे



मध्यंतरी सासूबाई न्यूमोनियामुळे सहा दिवस दवाखान्यात होत्या. घरी न्यायच्या दिवशी बिल हातात आलं. त्यात एक ओळ होती : रात्रीचं जेवण, ६ वेळा. ज्या बाईने कित्येक वर्षांत सूर्यास्तानंतर घास घेतला नाही, तिच्या नावावर सहा रात्रींची जेवणं! डबा तर रोज माझ्याच हातचा जात होता.

मग मी एकेक ओळ वाचायला घेतली. एकदाच येऊन गेलेल्या मोठ्या डॉक्टरांच्या चार भेटी लावलेल्या. तिसऱ्या रात्री सलाईनचा हात सुजला, मी तीनदा सांगूनही सकाळपर्यंत कोणी सुई काढली नाही. त्या सुजेपायी मुक्काम दोन दिवसांनी वाढला आणि त्या दोन दिवसांचं खोलीभाडंही आमच्याच माथी.

मी काउंटरवर विचारायला निघाले, तर घरचेच म्हणाले, "जाऊ दे ना, आई बऱ्या झाल्या. आपला धर्म क्षमेचा."

मला राग आला तो इथे. दशलक्षणात आपण उत्तम क्षमा म्हणतो, ती क्रोध सोडण्यासाठी. हिशोब सोडा असं कुठे सांगितलंय? दुसऱ्याने न दिलेलं घेणं ही चोरी, हे आपण पाठशाळेतच शिकलो. मग ती चोरी समोर दिसत असताना मुकाट्याने पैसे मोजणं हा धर्म कसा? आपण गप्प बसलो की पुढच्या खाटेवरच्या गरीब बाईच्या बिलातही तीच जेवणं लागतात. तिने तर मंगळसूत्र गहाण टाकलेलं असतं.

आणि भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, हजारोंच्या बिलापुढे मात्र "डॉक्टर देवमाणूस" म्हणून हात जोडतो! देवमाणूस असेल तर त्याला हिशोबाची भीती कशाला?

मी आवाज चढवला नाही. लेखी अर्ज दिला : प्रत्येक बाबीचं सविस्तर बिल आणि केसपेपरची प्रत द्या. हा आपला हक्क आहे. मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. बिलाचा वाद आहे म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. डिस्चार्जला औषधं त्यांच्याच दुकानातून घ्या म्हणाले, तीही सक्ती करता येत नाही.

अर्ज दिल्यावर जेवणं आणि तीन भेटी निमूटपणे कमी झाल्या. त्या दोन दिवसांचं मात्र "असं होतंच" एवढंच उत्तर मिळालं. ते मला मान्य नाही. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलंय. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, वकील लागतोच असं नाही, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. माझा अर्ज लिहून तयार आहे.

एक मात्र पाळा. जे घडलं तेवढंच लिहा, तिखटमीठ नको. त्या रात्री धावपळ करणाऱ्या एकट्या नर्सवर मी ठपका ठेवला नाही. दोन मजल्यांना एकच नर्स ठेवणाऱ्यांवर ठेवला. आपलं सत्यव्रत आपल्यालाही लागू आहे.

तेव्हा पुढच्या वेळी बिल हाती आलं की आधी चष्मा लावा, मग पर्स उघडा.