लेकीच्या पगाराचा कायदा कोण लिहितो?

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांतल्या लेकी आज नर्सिंग शिकत आहेत. अ‍ॅडमिशन, हॉस्टेल, रात्रपाळी, सगळ्याची काळजी आपण करतो. पण ज्या कायद्यांवर तिची सुरक्षितता, नोंदणी आणि पगार ठरतो, त्याविषयी घरात शब्द निघत नाही. "राजकारण आपलं काम नाही, तू अभ्यास कर," एवढं सांगून आपण मोकळे होतो. आम्हीही हेच सांगत आलो. आता वाटतं, चुकलो.

डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने 2010 मध्ये कायदा केला. त्यात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. असा हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. किती मुलींना हे ठाऊक आहे?

आता पगाराचं पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने 2016 मध्ये समिती नेमली. 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, असं समितीने सांगितलं. आपल्या तालुक्यांतली बहुतेक खासगी रुग्णालयं एवढीच लहान. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. तो राज्यांनी करायचा. केरळात परिचारिका संघटित होऊन लढल्या, तेव्हा 2018 मध्ये तिथल्या सरकारने 20,000 रुपये किमान मूळ पगाराची अधिसूचना काढली. हक्क कागदावर आपोआप उतरत नाही.

1947 च्या नर्सिंग परिषद कायद्याच्या जागी 2023 मध्ये नवा राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोग कायदा आला. त्याचा मसुदा 2020 मध्येच लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला होता. तेव्हा आपल्यापैकी किती जणींनी दोन ओळी पाठवल्या?

मग करायचं काय? अठरा वर्षांची मुलगी मतदार असते. जुन्नरला आमदार आहे, आंबेगावलाही आहे. वर्गातल्या मुलींनी मिळून, सह्यांसह, एक पानाचं पत्र द्यावं: अडचण काय, कायद्यात काय हवं, अधिवेशनात कोणता प्रश्न विचारावा. मसुदा जाहीर झाला की मुदतीत सूचना पाठवाव्यात. "कॉलेज काय म्हणेल?" ही भीती आम्ही समजू शकतो. म्हणून एकटीने पुढे होऊ नये; स्टुडंट नर्सेस असोसिएशनसारख्या संघटनेतून बोलावं. भाषा सभ्य, माहिती पक्की असावी.

जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांची गोष्ट आपण मुलींना अभिमानाने सांगतो. सेवा करणाऱ्या हाताला न्याय मिळावा, हे पाहणंही आपलंच काम आहे. सुट्टीत लेक घरी आली की अभ्यासाबरोबर एवढंही विचारा, "बेटा, तुझ्या कामाचा कायदा वाचलास का?"