करार कंपनीच्या नावावर, प्रश्न आपल्या नावाचा

नवीन पनवेलमध्ये भाड्याचं घर शोधायला निघालेल्या माणसाला एजंट पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारतो. बजेट किती, फॅमिली की बॅचलर, आणि नाव काय? पहिल्या दोन प्रश्नांवर घासाघीस होते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून पुष्कळदा फोनच बंद होतो.

ओळखीतल्या एका तरुणाचं असंच झालं. मराठवाड्यातून नोकरीसाठी इकडे आलेला, पगार चांगला, बायको आणि लहान मुलगी सोबत. दोन आठवडे फिरला. कुठे "मालकाचा विचार बदलला", कुठे "सोसायटी ऐकणार नाही". शेवटी कंपनीनेच स्वतःच्या नावावर घेतलेला एक फर्निश्ड फ्लॅट त्याला राहायला दिला. तोही नवीन पनवेलमध्येच, तशाच एका सोसायटीत. पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळं तयार. करारावर कंपनीचा शिक्का असल्याने कोणी काही विचारलं नाही. घर नाकारलं गेलं ते माणसाला नव्हे, त्याच्या नावाला, हे यातून स्पष्ट झालं.

हा विषय आता एकट्या-दुकट्याचा राहिलेला नाही. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता आहे. तळोजा आणि पाताळगंगा एमआयडीसी, उरणजवळचं न्हावाशेवा बंदर ही जुनी रोजगार केंद्रं आहेतच. राज्यभरातून इंजिनिअर, टेक्निशियन, नर्स, लॉजिस्टिक्सवाले इथे येणार, त्यात मुस्लिम तरुण-तरुणीही असणार. नोकरी गुणवत्तेवर मिळेल. घराचं काय?

सोय खरी, पण उसनी

कंपनीच्या फर्निश्ड फ्लॅटचे फायदे नाकारता येत नाहीत. नव्या गावात डिपॉझिट, ब्रोकरेज, सामान हलवण्याचा खर्च एकदम अंगावर येत नाही. पहिल्या दिवसापासून डोक्यावर छप्पर असतं आणि परिसर ओळखायला वेळ मिळतो. पण या सोयीच्या मागे काय आहे, तेही पाहिलं पाहिजे.

पहिली गोष्ट, करार घरमालक आणि कंपनी यांच्यात असतो. त्यात तुम्ही पक्षकार नसता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ३ नुसार बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्यांना भाड्याने दिलेल्या जागांना हा कायदाच लागू होत नाही. म्हणजे कंपनी आणि मालक यांचं बिनसलं, तर तुमचं म्हणणं मांडायला जागा फारशी उरत नाही.

दुसरी, नोकरी गेली की घर गेलं. एका महिन्यात पगारही बंद आणि छप्परही नाही. ताबा सोडला नाही, तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४५२ खाली फौजदारी कारवाई होऊ शकते.

तिसरी, कर. मालकाने दिलेलं घर हा पगाराबाहेरचा लाभ धरला जातो. १ सप्टेंबर २०२३ पासूनच्या नियमांनुसार, कंपनीने भाड्याने घेतलेल्या घरासाठी प्रत्यक्ष भाडं किंवा पगाराच्या १० टक्के, यातली कमी रक्कम (तुमच्याकडून भाडं कापलं जात असेल तर ते वजा करून) तुमच्या उत्पन्नात धरली जाते. फर्निचरचा हिशोब वेगळा. 'फुकट घर' म्हणताना हे लक्षात असू द्या. बदली झाल्यावर कंपनीने हॉटेलात ठेवलं, तर एकूण १५ दिवसांपर्यंतच्या मुक्कामावर असा कर लागत नाही.

चौथी, तुमच्या नावाचा करार नसल्याने बँक, गॅस, शाळा अशा ठिकाणी पत्त्याचा पुरावा देताना अडचण येते. वर्षभर राहूनही कागदावर तुम्ही त्या गावचे नसता.

एक रात्र मिळते, अकरा महिने नाही

संविधानाच्या अनुच्छेद १५(२) प्रमाणे दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे एका रात्रीसाठी खोली नाकारता येणार नाही. पण तोच माणूस अकरा महिन्यांसाठी फ्लॅट मागायला गेला, तर खासगी घरमालकाला थेट रोखणारा कायदा नाही. उलट, २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरतं सदस्यत्व ठेवणारे सोसायटीचे नियम वैध ठरवले.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिमांना घर विकत किंवा भाड्याने मिळण्यात येणाऱ्या अडचणींची नोंद केली होती. पुढे सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेल्या अभ्यासातही हाच भेदभाव दिसला. सारख्याच पात्रतेचे लोक घर मागत होते, पण दलित आणि मुस्लिम नावांना नकार मिळत होता.

याचा परिणाम असा की माणूस शेवटी 'आपल्या' मोहल्ल्याकडे वळतो. मग इतर लोक म्हणतात, "हे लोक एकत्रच राहतात." दारं कोणी बंद केली, हे मात्र कोणी विचारत नाही.

काय करता येईल?

कंपनीचा फ्लॅट मिळत असेल तर जरूर घ्या, पण तो पहिला मुक्काम समजा. मुदत किती, नोकरी सोडल्यास किती दिवस मिळतील, हे लेखी घ्या. सामानाची यादी करा, फोटो काढून ठेवा. कंपनीकडून निवासाचं पत्र मागा. आणि त्याच काळात स्वतःच्या नावाचं घर शोधा.

घर मिळालं की लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही" असं एजंट सांगतात, ते महाराष्ट्रात चुकीचं आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत मालक उलट सिद्ध करत नाही.

"सोसायटीची एनओसी मिळणार नाही" ही दुसरी सबब. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, सभासदाने लेखी कळवावं लागतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं, हेसुद्धा माहिती देणं आहे, परवानगी मागणं नव्हे. द्यायची इच्छा असलेले, पण कमिटीला घाबरणारे मालकही असतात. त्यांच्या हातात हे नियम शांतपणे ठेवले, तर कधी कधी दार उघडतं. भांडणाने ते क्वचितच उघडतं.

आपल्या दारावर काय लिहिलंय?

आता थोडं स्वतःकडे बघू. जुन्या पनवेलपासून तळोज्यापर्यंत भाड्याने घरं देणारे आपले लोकही कमी नाहीत. तेही फोनवर "फॅमिलीच हवी", "बाहेरचे नकोत" म्हणतातच. नोकरी करणाऱ्या एकट्या मुलीला तर जवळपास सगळीकडूनच नकार. गैरमुस्लिम भाडेकरू आला तर किती जण सहज चावी देतात? आपल्यावर अन्याय होतो म्हणताना आपणही नाव आणि गाव विचारूनच चावी देत असू, तर आपल्या तक्रारीत दम राहत नाही.

मोठ्या कंपन्यांनीही केवळ फ्लॅट देऊन थांबू नये. कर्मचाऱ्याला स्वतःचं घर शोधून देणारा एजंट नेमताना, धर्म-जात विचारणारा एजंट चालणार नाही, ही अट करारात घालणं कंपनीला अजिबात अवघड नाही. आणि घर भाड्याने देताना होणाऱ्या भेदभावाविरुद्ध स्पष्ट कायदा हवा, ही मागणी सर्व पक्षांच्या लोकप्रतिनिधींकडे सातत्याने गेली पाहिजे. ती एकट्या मुस्लिमांची नाही. दलित, एकट्या राहणाऱ्या महिला, परप्रांतीय कामगार, सगळ्यांचीच आहे.

त्या तरुणाला तीन महिन्यांनी स्वतःच्या नावाने घर मिळालं. मालक निवृत्त शिक्षक, मुस्लिम नव्हेत. त्यांनी एवढंच विचारलं, "भाडं वेळेवर द्याल ना?" भाडेकरूला विचारण्यासारखा प्रश्न खरं तर तोच आहे.